रिडबर्ग अणू: पेन्सिल सेलने फुटणारा, चुंबकात चक्रावणारा

धूळपाटी

भिंतीवरच्या घड्याळात असतो तो पेन्सिल सेल घ्या. दीड व्होल्टचा. त्याची दोन टोकं दोन सपाट पट्ट्यांना जोडा आणि पट्ट्यांमध्ये एक सेंटिमीटरची फट ठेवा. फटीतली हवा काढून टाका. आता त्या फटीतून रुबिडियमचा असा एक अणू जाऊ द्या, ज्याचा सगळ्यांत बाहेरचा इलेक्ट्रॉन १२५व्या पातळीवर चढवलेला आहे. तो अणू तिथेच फुटतो. इलेक्ट्रॉन एका पट्टीकडे, उरलेला आयन दुसऱ्या पट्टीकडे. तळपातळीवरच्या हायड्रोजनला पुढे येणाऱ्या हिशेबाने फोडायचं म्हटलं तर सेंटिमीटरमागे सुमारे ३२ कोटी व्होल्ट लागतील.

अणूच्या आकाराबद्दल दुसऱ्या एका धाग्यावर बोलणं चाललं होतं, तिथे हे दोन ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा. हा माझा रोजचा विषय आहे आणि मराठीत यावर बोलायला फार क्वचित मिळतं.

इलेक्ट्रॉनच्या पातळीला एक आकडा असतो, मुख्य पुंजांक. त्याला एन म्हणू. अणूची त्रिज्या एनच्या वर्गाने वाढते आणि इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारी ऊर्जा एनच्या वर्गाने घटते. तळाशी हायड्रोजनची त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर आणि बंधनऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एन १०० केला की अणूचा व्यास एक मायक्रॉनच्या घरात जातो, म्हणजे एखाद्या जिवाणूएवढा. बंधनऊर्जा उरते १३.६च्या दहा हजाराव्या भागाएवढी. अशा फुगलेल्या अणूंना रिडबर्ग अणू म्हणतात. स्वीडनमधल्या लुंड इथले योहानेस रिडबर्ग, ज्यांनी १८८८ साली वर्णरेषांचं सूत्र मांडलं, त्यांचं हे नाव. अणूच्या पोटात काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या मते या अणूंची खरी गंमत त्यांच्या आकारात नाही. नेहमीच्या अणूत केंद्राची ओढ इतकी जबर असते की बाहेरून लावलेलं क्षेत्र म्हणजे नुसता धक्का. रिडबर्ग अणूत केंद्र आणि बाहेरचं क्षेत्र बरोबरीचे होतात. मग दिसतं की विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांचे स्वभाव किती उलटे आहेत. विद्युतक्षेत्र अणूला फोडतं, पण फुटेपर्यंत सगळं हिशेबात बसतं. चुंबकीय क्षेत्र अणूला फोडत नाही, उलट इलेक्ट्रॉनला आडवा पळूच देत नाही, पण हिशेब मात्र पार विस्कटून टाकतं.

आधी विद्युतक्षेत्र. १९१३ साली जर्मनीत योहानेस श्टार्क आणि इटलीत अँटोनिनो लो सुर्दो या दोघांनी स्वतंत्रपणे पाहिलं की विद्युतक्षेत्रात हायड्रोजनच्या रेषा फुटून अनेक होतात. तीनच वर्षांनी पॉल एपश्टाइन आणि कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी बोरच्या जुन्या पुंजसिद्धान्तातून त्याचं गणित सोडवलं. श्वार्त्सशिल्ड मुळात खगोलशास्त्रज्ञ. ग्रहांच्या कक्षांसाठी तयार झालेली गणिती हत्यारंच त्यांनी अणूवर चालवली.

ती चालली, कारण हायड्रोजनमधली लंबवर्तुळाकार कक्षा जागची फिरत नाही. तिचा लांबट अक्ष एकाच दिशेला रोखलेला राहतो. इलेक्ट्रॉन दूरच्या टोकाला हळू चालतो, म्हणून जास्त वेळ तिकडेच असतो. म्हणजे अणूची एक बाजू कायमची ऋण झाली. विद्युतक्षेत्राला धरायला आयतं टोक मिळालं. एन ३० असेल तर क्षेत्राच्या दिशेभोवती कोनीय संवेग शून्य असलेल्या ३० अवस्था हातपंख्याच्या काड्यांसारख्या समान अंतरावर पसरतात. क्षेत्र वाढवा, पंखा उघडत जातो. शेजारच्या पंख्याच्या काड्या आडव्या येतात आणि एकमेकींना न अडवता सरळ आरपार जातात.

रुबिडियममध्ये आतल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीमुळे कक्षा फिरत राहते आणि ते टोक सरासरीत पुसलं जातं. मग क्षेत्राने आधी अणूला वाकवावं लागतं. पण वाकण्याची ही तयारी एनच्या सातव्या घाताने वाढते! एन दुप्पट केला की १२८ पट.

आणि फुटणं? केंद्राचा खड्डा आणि बाहेरच्या क्षेत्राचा उतार यांची बेरीज केली की एका बाजूला खिंड तयार होते. क्षेत्र वाढेल तशी खिंड खाली येते. इलेक्ट्रॉनच्या उंचीला आली की तो निसटतो. या खिंडीच्या हिशेबाने एन ५० असताना सेंटिमीटरमागे ५१ व्होल्ट पुरतात, १०० असताना ३.२. प्रयोगशाळेत क्षेत्र हळूहळू चढवत नेतात. वरच्या पातळीवरचे अणू आधी फुटतात, खालचे नंतर. इलेक्ट्रॉन शोधकावर कधी आदळला यावरून तो कुठल्या पातळीवर होता ते कळतं.

आता चुंबक. झेमनने १८९६ साली पाहिलेलं रेषांचं फुटणं तुम्हाला आठवत असेल. ते एनवर अवलंबून नाही, पहिल्या पातळीला जेवढं तेवढंच पन्नासाव्याला. पण त्यामागे ऊर्जेच्या सूत्रात एक दुसरं पद दडलेलं आहे. ते क्षेत्राच्या वर्गाने आणि एनच्या चौथ्या घाताने वाढतं. एन ३० झाला की ते पद ८ लाख १० हजार पटींनी मोठं. १९३९ साली बर्कलीत जेंकिन्स आणि सेग्रे यांनी सायक्लोट्रॉनच्या भल्यामोठ्या चुंबकाच्या फटीत सोडियम-पोटॅशियमची वाफ ठेवून ते पहिल्यांदा नीट मोजलं.

खरा धक्का १९६९चा. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत गार्टन आणि टॉमकिन्स बेरियमचा वर्णपट घेत होते, दोन टेस्लांहून जास्त क्षेत्रात. एरवी वरच्या पातळ्या दाटीवाटीने जवळ येत येत एका मर्यादेला संपतात. त्याच्या पुढे इलेक्ट्रॉन मोकळा, मग रेषा कसल्या? पण इथे त्या मर्यादेजवळ समान अंतरावरच्या लाटा दिसल्या आणि त्या मर्यादा ओलांडून पलीकडेही चालूच राहिल्या. नुसत्या चुंबकात फिरणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांत जेवढं अंतर असतं, त्याच्या बरोबर दीडपट अंतर होतं. ना अणूचं, ना मोकळ्या इलेक्ट्रॉनचं. दोघांच्या भांडणातून निघालेलं तिसरंच काहीतरी.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीत जाईन.

---

खडूवाली

ताई, आधी मनापासून आभार. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. झेमनचा परिणाम एनवर अवलंबून नाही आणि हे दुसरं पद एनच्या चौथ्या घाताने वाढतं, हे एकाच चुंबकाचं असं दोन तऱ्हांनी वागणं मुलांना कसं सांगायचं?

---

धूळपाटी

खडूवाली मॅडम, तुमच्याकडे लेन्झचा नियम आहे, तोच वापरा. पहिलं पद इलेक्ट्रॉनच्या फिरण्यामुळे आधीच असलेल्या चुंबकत्वाचं. ते कोनीय संवेगावर ठरतं. प्रकाशाचा एक कण अणूला संवेगाचं एकच माप देऊ शकतो, त्यामुळे एन कितीही वाढवला तरी क्षेत्राच्या दिशेचा संवेग शून्य, एक, दोन असाच राहतो.

दुसरं पद क्षेत्र लावल्यामुळे उपजलेल्या चुंबकत्वाचं. कक्षेतून जाणारा फ्लक्स बदलला की इलेक्ट्रॉनचा वेग किंचित बदलतो. वेगातला हा बदल त्रिज्येच्या प्रमाणात. त्यातून जे चुंबकत्व तयार होतं त्यात त्रिज्या पुन्हा एकदा गुणली जाते. म्हणजे त्रिज्येचा वर्ग, आणि त्रिज्या स्वतः एनच्या वर्गाने वाढते. झाला चौथा घात. पुस्तकात बिस्मथचा तुकडा चुंबकापासून किंचित दूर सरकतो असं डायमॅग्नेटिझमचं उदाहरण असतं ना, तेच हे. फक्त इथे ते किंचित राहत नाही.

---

उत्तररात्र

लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवतो. खिंडीच्या सूत्रात छेदात १६ येतात, एनच्या चौथ्या घाताला गुणून. तुम्ही तेच वापरलंय. पण हायड्रोजनसाठी बऱ्याच ठिकाणी १६च्या जागी ९ दिसतात. १०० पातळीच्या हायड्रोजनला ३.२ नाही, साडेपाचच्या वर व्होल्ट लागतील. नवख्या वाचकाचा घोटाळा होईल.

---

धूळपाटी

बरोबर पकडलंत. १६ येतात ते इलेक्ट्रॉनची ऊर्जा क्षेत्रामुळे हललीच नाही असं धरल्यावर. हायड्रोजनमध्ये ज्या अवस्थेत इलेक्ट्रॉन खिंडीच्या बाजूला रेललेला असतो, तिची ऊर्जा क्षेत्राबरोबर खालीही जाते. त्यामुळे खिंड आणखी खाली आणावी लागते आणि १६चे ९ होतात. जी अवस्था उलट्या बाजूला रेललेली आहे तिचं आणखी वेगळं. तिची ऊर्जा खिंडीच्या वर गेली तरी ती फुटत नाही, कारण इलेक्ट्रॉन खिंडीकडे फिरकतच नाही. पंख्याच्या काड्या एकमेकींना अडवत नाहीत म्हणून तो आपल्याच काडीवर राहतो.

रुबिडियम-सोडियममध्ये काड्या एकमेकींना अडवतात. क्षेत्र बेताने वाढवलं तर इलेक्ट्रॉन या काडीवरून त्या काडीवर जात पातळी जेमतेम सांभाळतो आणि खिंडीशी आला की जातो. तिथे १६ चांगले बसतात, फक्त एनमधून रुबिडियमसाठी तीनएक वजा करायचे. म्हणून सुरुवातीला मुद्दाम रुबिडियम घेतला आणि १२१ऐवजी १२५ लिहिले. तळपातळीच्या हायड्रोजनचा ३२ कोटींचा आकडा तुलनेपुरता धरा. ५० आणि १०० पातळीचे आकडे हायड्रोजनचे समजू नयेत, हे मात्र तिथेच लिहायला हवं होतं.

---

शिवाररान

मी नारायणगावचा. खोडदच्या त्या मोठ्या छत्र्या लहानपणापासून बघतोय. मागे विज्ञान दिनाला आत जाऊन पाहिलं, तेव्हा तिथल्या एका मॅडमनी "आकाशात लई मोठे अणू असतात" असं सांगितलं होतं. ते हेच का? आणि आकाशात ते फुटत कसे नाहीत?

---

धूळपाटी

शिवारदादा, हेच ते. ताऱ्याभोवतीच्या तापलेल्या वायूत सुटा इलेक्ट्रॉन प्रोटॉनला पुन्हा चिकटतो तो कधी कधी खूप वरच्या पातळीवर. मग पायरी पायरीने उतरतो. १६७वरून १६६वर उतरताना हायड्रोजन १४२४.७ मेगाहर्ट्झची रेडिओलहर सोडतो. ती जीएमआरटीच्या, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, पट्ट्यात येते. तुमच्या शिवाराजवळच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना अशा लहरी टिपू शकतात. १९५९ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ कार्दाशेव यांनी या रेषा दिसतील असं सांगितलं आणि पाचेक वर्षांत त्या सापडल्या.

याहून मोठे अणू शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला आहेत. तिथे कॅसिओपिया ए हा फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. त्याच्या आणि आपल्या मधल्या थंड ढगांत कार्बनचे अणू १००९ पातळीपर्यंत चढलेले आढळले. युक्रेनमधल्या खार्किवजवळच्या दुर्बिणीतून २६ मेगाहर्ट्झला हे निरीक्षण झालं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या निमिषा कांथारिया आणि बंगळुरूच्या रमण संस्थेतले उदय शंकर आहेत. १००९ म्हणजे व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा एक अणू!

फुटत नाहीत कारण तिथे धक्का द्यायला जवळ कुणी नाही. उत्तररात्र यांच्या १६च्या सूत्राने बघितलं तर त्या अणूला सेंटिमीटरमागे ०.३ मिलिव्होल्ट पुरे. आपल्याकडे निरभ्र दिवशी मोकळ्या रानात उभं राहिलं तरी हवेत सेंटिमीटरमागे एक व्होल्टच्या आसपास विद्युतक्षेत्र असतंच. हवेचा एकही रेणू त्याला लागला नाही असं धरलं, तरी नुसत्या आभाळाखाली तो अणू टिकणार नाही.

---

ऱ्हाइनकाठ

धागा सुंदर, पण "हिशेब विस्कटतो" या शब्दप्रयोगाला माझा आक्षेप आहे. पुंजसिद्धान्तातलं श्रोडिंगरचं समीकरण रेषीय आहे. त्यात अभिजात (न्यूटनच्या गणिताच्या) अर्थाने केऑस, म्हणजे किंचित फरकाने पार बदलणारी बेभरवशाची चाल, असूच शकत नाही. चुंबकातल्या हायड्रोजनच्या पातळ्याही ठरलेल्याच असतात, फक्त मोठा संगणक लागतो. १९९१ साली एमआयटीत क्लेपनर यांच्या गटाने लिथियमचा सहा टेस्लांच्या आसपास घेतलेला वर्णपट आणि पॅरिसच्या डेलांद व गे यांची आकडेमोड रेषेला रेष जुळली होती. मग विस्कटलं काय?

---

धूळपाटी

आक्षेप मोलाचा आहे, आणि रेषेला रेष जुळली हेही खरं. तरी मी शब्द मागे घेणार नाही. का ते सांगते.

विद्युतक्षेत्राच्या प्रश्नात एक युक्ती आहे. नेहमीच्या अक्षांऐवजी पॅराबोलांनी आखलेले अक्ष घेतले की तीन दिशांचा प्रश्न तीन वेगळ्या, सुट्या प्रश्नांत मोडतो. प्रत्येक अवस्थेला तिचे आकडे मिळतात, नाव-गाव-पत्ता सगळं. ॲमस्टरडॅममध्ये २०१३ साली हायड्रोजनच्या अशा अवस्थांतून निसटलेल्या इलेक्ट्रॉनांचं चित्र घेतलं गेलं. शोधकाच्या पडद्यावर गोल गोल कडी दिसतात आणि मधल्या काळ्या कड्यांची संख्या म्हणजे थेट त्या अवस्थेचा आकडा. पत्ता डोळ्यांनी वाचता येतो.

चुंबकीय क्षेत्रात केंद्राची ओढ गोलाकार आणि चुंबकाचा दाब नळीसारखा. दोन्हींना एकदम मानवतील असे अक्षच नाहीत. क्षेत्र क्षीण असेल तर काम निभतं. पण सहा टेस्लांत एन ३४च्या आसपास केंद्राभोवतीची फेरी आणि चुंबकातली फेरी यांचा वेळ सारखा होतो आणि तिथून पुढे अवस्थांचे पत्ते हरवतात. ऊर्जेचा आकडा संगणक देतो. पण ही अवस्था कोणती, शेजारणीपेक्षा वेगळी कशात, याला उत्तर राहत नाही. पातळ्याही मग एकमेकींच्या आरपार जात नाहीत, जवळ आल्या की बाजूला सरतात. इलेक्ट्रॉनला गोळीसारखा धरून मार्ग काढला तर तोच भाग केऑसचा निघतो. मी "विस्कटणं" म्हणते ते याला.

---

ऱ्हाइनकाठ

पत्ता हरवणं हे पटलं. मग माझ्याकडून थोडी भर. इथे जर्मनीत बीलेफेल्डला कार्ल वेल्गे यांच्या गटाने १९८६च्या सुमारास चुंबकातल्या खऱ्याखुऱ्या हायड्रोजनचा वर्णपट घेतला. बघणाऱ्याला नुसता रेषांचा कचरा. पण त्याचं फूरिये रूपांतर (गुंत्यात दडलेल्या नियमित लाटा वेगळ्या काढणारं गणित) केल्यावर स्वच्छ टोकं उभी राहिली. प्रत्येक टोक म्हणजे इलेक्ट्रॉनची एक अभिजात वाट, केंद्रातून निघून ठरावीक वेळाने केंद्राकडे परतणारी. डू आणि डेलॉस यांनी लगेच त्याचा सिद्धान्त बांधला. बाहेर गेलेली इलेक्ट्रॉनची लाट त्या वाटेने परत येते, निघणाऱ्या लाटेला भेटते आणि वर्णपटात एक झुळूक उठते. बेरियममधल्या दीडपट अंतराच्या लाटा म्हणजे क्षेत्राला काटकोनातल्या वाटेने चुंबकी फेरीच्या दोन-तृतीयांश वेळात परतणारा इलेक्ट्रॉन. बीलेफेल्डला ०.६४ पट अंतराच्या लाटाही सापडल्या. ती वाट त्या काटकोनातल्या प्रतलातून बाहेर पडून जाते आणि परतायला दीड फेरीहून जास्त वेळ घेते.

---

धूळपाटी

हे तुम्ही लिहिलंत, फार बरं झालं. पत्ते हरवलेल्या गावात वाटा तेवढ्या शिल्लक राहतात. विद्यार्थीदशेत हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

---

गोदाकाठ

मी अँटेना तपासणीच्या कामात आहे, नाशिकला. या अणूंनी विद्युतक्षेत्र मोजता येतं असं ऐकलंय. खरं का? आमच्याकडे धातूचा प्रोब वापरतात, पण तो स्वतःच क्षेत्र बिघडवतो.

---

उत्तररात्र

खरं आहे. काचेच्या छोट्या कुपीत रुबिडियमची वाफ, तीही खोलीच्याच तापमानाला. समोरून ७८० नॅनोमीटरचा लेझर, उलट बाजूने ४८० नॅनोमीटरचा निळा. निळा लेझर रिडबर्ग पातळीशी जुळला की पहिल्या लेझरसाठी वाफ पारदर्शक होते. म्हणजे अणू न फोडता, नुसता प्रकाश बघून पातळी कळते. हे २००७ साली इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठात दाखवलं गेलं. शोधनिबंधाचे पहिले लेखक अशोक महापात्र, जे पुढे भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञानसंस्थेत आले.

त्या कुपीवर मायक्रोवेव्ह पडली की पारदर्शकतेचं एक टोक फुटून दोन होतात. दोहोंमधलं अंतर क्षेत्राच्या प्रमाणात. रुबिडियमचा अणू नाशिकला आणि पॅरिसला सारखाच असल्यामुळे प्रोबसारखं त्याला कॅलिब्रेट करावं लागत नाही. आणि कुपीत धातू नाही, त्यामुळे तुमची अडचण बरीच कमी होते. काच मात्र थोडं क्षेत्र बिघडवते.

---

खडूवाली

ताई, शेवटचं विचारते. तुम्ही स्वतः हे वाकणं-फुटणं पाहिलंय का? मुलांना "आमच्या ओळखीच्या ताईंनी बघितलं" असं सांगितलं की त्यांचे डोळे वेगळे होतात.

---

धूळपाटी

पाहिलंय मॅडम. मुलांना हे सांगा.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये थंड केलेला रुबिडियमचा ढग होता. मी ६०च्या आसपासच्या पातळीची रेषा घेत होते. सकाळी रेषा जागेवर, अकरा वाजता थोडी डावीकडे, दुपारी आणखी डावीकडे आणि पसरट. मी लेझरला दोष दिला. दोन आठवडे त्याचं लॉकिंग पुन्हा पुन्हा बसवलं. एके दिवशी दुपारी निळा लेझर झाकून आम्ही चहाला गेलो, गप्पांत पाऊण तास गेला. परत येऊन झाकण काढलं तर रेषा सकाळच्या जागी!

निळ्या किरणाची कड आतल्या इलेक्ट्रोडच्या चिनीमातीच्या वायसरला घासत होती. वायसरवर रुबिडियमचा पातळ थर बसलेला. निळा प्रकाश त्यातून इलेक्ट्रॉन उडवत होता आणि वायसर दिवसभर भारित होत होता. त्याचं इवलंसं क्षेत्र कुठल्याही मीटरवर आलं नसतं. अणूंना ते कळत होतं.

भिंग दीड मिलिमीटर सरकवलं. मग पट्ट्यांना उणे एक व्होल्टपासून अधिक एक व्होल्टपर्यंत थोडा थोडा दाब देत गेले आणि प्रत्येक वेळी रेषेची जागा आलेखकागदावर पेन्सिलीने मांडली. क्षेत्र कुठल्याही दिशेचं असो, रेषा खालीच जाते, म्हणून उलटा पॅराबोला आला. त्याचं शिखर शून्य व्होल्टवर नव्हतं, ०.१८वर होतं. चेंबरमध्ये अजून थोडं क्षेत्र उरलं होतं आणि ते रद्द करायला लागणारा दाब अणूंनीच सांगितला होता. पट्ट्यांना ०.१८ व्होल्ट लावले. रेषा सुईसारखी बारीक झाली आणि रात्री दहापर्यंत तिथून हलली नाही.

तो आलेखकागद माझ्या वहीत चिकटवलेला आहे. उद्या उजेडात फोटो काढून इथे टाकते, वर्गात दाखवा.